सेनाधिकाऱ्यांना तिकीट मागण्यापूर्वी खंडुरींची आमदारकी पाहावी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

राजकीय पक्षांनी निवृत्त सेनाधिकाऱ्यांना उमेदवारी द्यावी, म्हणजे राजकारणाला शिस्त लागेल, ही मागणी आमच्या माजी सैनिकांच्या मेळाव्यांत आणि वृत्तपत्रांच्या वाचकपत्रांत अलीकडे वारंवार ऐकू येते. तिच्यामागची भावना मला परकी नाही. मी स्वतः सैन्याच्या इंजिनिअर दलात नोकरी केली असून निवृत्तीनंतर पारोळा तालुक्यात शेती करतो. १८२५ साली जेम्स औट्रमने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली तेव्हापासून, चांगल्या आणि वाईट अशा दोन्ही अर्थांनी, खानदेशचा पलटणीशी संबंध आहे. आजही जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील गावांत सुट्टीवर आलेल्या जवानाला मान मिळतो, आणि ‘मिल्ट्रीना माणूस शे’ एवढे म्हटले की त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल कोणी वेगळा दाखला मागत नाही. हा मान आम्हा सर्वांनी मिळून कमावलेला आहे, आणि म्हणूनच तो निवडणुकीच्या बाजारात नेताना विचार करावा असे मला वाटते. सेनाधिकारी आमदार झाल्यावर नेमके काय घडते, त्याच्या कोणत्या सवयी सभागृहात उपयोगी पडतात आणि कोणत्या आड येतात, हे अंदाजाने ठरवण्याची गरज नाही. त्याचे एक पूर्ण आणि शिकण्यासारखे उदाहरण आपल्या देशात उपलब्ध आहे, ते म्हणजे उत्तराखंडचे माजी मुख्यमंत्री मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी यांचे.

खंडुरी १९५४ मध्ये सैन्यात दाखल झाले आणि इंजिनिअर दलात तीन दशकांहून अधिक काळ सेवा करून मेजर जनरल म्हणून निवृत्त झाले. त्यांचे काही शिक्षण पुण्याच्या सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालयात झाले, ही गोष्ट दापोडी आणि खडकीच्या आवारात उमेदीची वर्षे घालवलेल्या आमच्यासारख्यांना जवळची वाटते. १९८२ मध्ये त्यांना अतिविशिष्ट सेवा पदक मिळाले. निवृत्तीनंतर ते भारतीय जनता पक्षात गेले आणि १९९१ मध्ये गढवाल मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. त्यांचा पक्ष उजव्या, परंपरानिष्ठ विचारांचा. खानदेशातील वाचकाला त्या परंपरेची वेगळी ओळख करून देण्याचे कारण नाही, कारण १९५७ च्या लोकसभा निवडणुकीत जनसंघाला साऱ्या देशात अवघ्या चार जागा मिळाल्या तेव्हा त्यातील एक बलरामपूरची, म्हणजे अटलबिहारी वाजपेयींची होती आणि दुसरी धुळ्याची, म्हणजे उत्तमराव पाटलांची. पुढे हेच उत्तमराव महाराष्ट्र भाजपचे पहिले प्रदेशाध्यक्ष झाले. तेव्हा खंडुरींच्या राजकारणाचे मोजमाप करताना ते कोणत्या पक्षाचे होते यापेक्षा त्या पक्षात राहून त्यांनी काय केले, हे पाहण्याइतकी जाण आपल्या भागातील मतदाराला निश्चितच आहे.

त्यांच्या कारकिर्दीचा जो भाग सर्वाधिक वाखाणला जातो तो दिल्लीतील आहे. नोव्हेंबर २००० पासून वाजपेयी सरकारमध्ये रस्ते वाहतूक व महामार्ग खाते त्यांच्याकडे होते आणि दिल्ली, मुंबई, चेन्नई व कोलकाता यांना जोडणाऱ्या ५,८४६ किलोमीटरच्या सुवर्ण चतुष्कोनाचे काम त्यांच्या देखरेखीखाली वेगाने पुढे सरकले. कंत्राटदाराला ठरलेली तारीख, त्या तारखेचा नियमित आढावा आणि हयगय केल्यास जबाबदारी, ही इंजिनिअर दलाची पद्धत त्या खात्याला मानवली. तरसोड ते फागणे या टप्प्याच्या चौपदरीकरणाची किती वर्षे वाट पाहावी लागली ते ज्यांनी सोसले आहे, त्यांना या पद्धतीचे मोल मी सांगायला नको. परंतु रस्त्याचे खाते आणि विधानसभेचे सभागृह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खात्यात वरून खाली हुकूम जातो. सभागृहात शेजारच्या बाकावर बसलेला सदस्य आपल्याइतकीच मते घेऊन, आपल्याइतक्याच अधिकाराने आलेला असतो, आणि तो कोणाच्याही हाताखाली नसतो. खंडुरींची खरी परीक्षा झाली ती या दुसऱ्या जागी.

२००७ च्या निवडणुकीत उत्तराखंडच्या सत्तर सदस्यांच्या विधानसभेत भाजप सर्वांत मोठा पक्ष ठरला आणि पक्षाने खासदार असलेल्या खंडुरींना मुख्यमंत्री केले. त्या पदावर दुसरा दावा होता भगतसिंह कोश्यारी यांचा, ज्यांना आपण पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल म्हणून पाहिले. राज्यघटनेप्रमाणे सहा महिन्यांत आमदार होणे आवश्यक असल्याने खंडुरींसाठी धुमाकोटची जागा रिकामी करण्यात आली. ती सोडणारे आमदार काँग्रेसचे होते, आणि विशेष म्हणजे तेही निवृत्त लेफ्टनंट जनरल होते. तेजपालसिंह रावत हे त्यांचे नाव. त्यांनी आमदारकी सोडून भाजपमध्ये प्रवेश केला, खंडुरी धुमाकोटमधून विधानसभेत गेले, आणि खंडुरींनी मोकळी केलेली गढवालची लोकसभेची जागा पोटनिवडणुकीत रावत यांनी जिंकली. दोन जनरलांमधील ही अदलाबदल कायद्याला धरून होती, याबद्दल वाद नाही. तथापि गणवेशातून आलेला माणूस पक्षांतराच्या राजकारणापासून आपोआप दूर राहतो असे समजणाऱ्यांनी या प्रसंगाकडे डोळसपणे पाहावे. एका पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेला सदस्य वर्षभरातच दुसऱ्या पक्षात जातो, हे सैनिकाने केले म्हणून वेगळे ठरत नाही.

पहिल्या कार्यकाळात त्यांच्या सरकारने केलेली काही कामे निर्विवाद चांगली होती. पंचायत संस्थांत महिलांना पन्नास टक्के जागा देण्याचा निर्णय उत्तराखंडने २००८ च्या पंचायत निवडणुकीपूर्वी घेतला. महाराष्ट्राने तो २०११ मध्ये घेतला. डोंगराळ भागासाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा तिथे २००८ मध्ये सुरू झाली. आपल्याकडे ती २०१४ मध्ये आली, आणि धडगावच्या पाड्यांवरील बाळंतिणींना तिचे महत्त्व काय आहे ते आपण सर्व जाणतो. मात्र या काळातच त्यांच्याच पक्षाच्या आमदारांची तक्रार सुरू झाली की मुख्यमंत्री भेटत नाहीत, आमचे ऐकत नाहीत आणि कारभार अधिकाऱ्यांमार्फत चालतो. ही तक्रार दिल्लीपर्यंत गेली. यातील काही तक्रारदारांचा रोष बदल्या आणि ठेके यांत हात घालता येत नाही एवढ्याचसाठी होता, असे मला वाटते, आणि तेवढ्यापुरता मी खंडुरींच्या बाजूचा आहे. पण सगळा दोष तक्रारदारांवर ढकलूनही चालणार नाही. सैन्यात वरिष्ठाने निर्णयाची कारणे सांगितली नाहीत तरी काम होते, कारण हाताखालच्याने आज्ञा पाळण्याची शपथ घेतलेली असते. आमदाराने घेतलेली शपथ वेगळी असते. त्याला पटवावे लागते, त्याच्या मतदारसंघातील अडचण ऐकून घ्यावी लागते, आणि कधी त्याचा विरोध योग्य असेल तर आपला निर्णय मागे घ्यावा लागतो. ही सवय सेनाधिकाऱ्याला निवृत्तीनंतर नव्याने लावून घ्यावी लागते, आणि वयाच्या साठीनंतर ती लावून घेणे सोपे नाही. २००९ च्या लोकसभा निवडणुकीत राज्यातील पाचही जागा भाजपने गमावल्या आणि जूनमध्ये खंडुरींना पद सोडावे लागले. त्यांच्या जागी रमेश पोखरियाल निशंक आले.

माझ्या दृष्टीने त्यांच्या आमदारकीचा सर्वांत मोलाचा काळ त्यानंतरचा आहे. ११ सप्टेंबर २०११ रोजी पक्षाने त्यांना पुन्हा मुख्यमंत्री केले तेव्हा निवडणूक जेमतेम साडेचार महिन्यांवर होती. एवढ्या थोड्या वेळात त्यांनी भूमिपूजने आणि घोषणा यांच्या मागे न लागता कायदे केले. ठरावीक मुदतीत शासकीय सेवा मिळण्याच्या हक्काचा कायदा त्या वर्षी उत्तराखंडात लागू झाला. महाराष्ट्राचा लोकसेवा हक्काचा कायदा २०१५ मधील आहे. दुसरा कायदा बदल्यांचा आणि तिसरा लोकायुक्ताचा, म्हणजे सत्तेतील लोकांविरुद्धच्या भ्रष्टाचाराच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या संस्थेचा. या तिन्हींमागचे सूत्र एकच होते. जे काम आज मंत्र्याच्या किंवा साहेबाच्या मर्जीवर होते ते लिहून ठेवलेल्या नियमावर व्हावे, आणि नियम मोडला तर कोणाला तरी जाब विचारता यावा. परंपरानिष्ठ राजकारणाचा हा मला सर्वांत आदरणीय वाटणारा अर्थ आहे. संस्थांना आणि नियमांना माणसापेक्षा मोठे मानणे ही वृत्ती पलटणीत रुजते, आणि ती सभागृहात आणता आली तर सेनाधिकाऱ्याच्या आमदारकीला खरा अर्थ येतो.

बदल्यांच्या कायद्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण त्याचा संबंध थेट आपल्या डोंगरपट्ट्याशी पोहोचतो. उत्तराखंडात शिक्षक, डॉक्टर आणि इतर कर्मचारी यांच्या नेमणुकांची ठिकाणे सुगम आणि दुर्गम अशी विभागलेली आहेत. देहरादून, हरिद्वार, हल्द्वानी अशा मैदानी शहरांत जागा मिळावी म्हणून वर्षानुवर्षे वशिले लावले जातात, आणि ज्याचा वशिला नाही तो पिथौरागढ किंवा उत्तरकाशीच्या एखाद्या वरच्या गावात अडकून पडतो किंवा तिथे हजरच होत नाही. प्रत्येकाने ठरावीक काळ दुर्गम भागात काढावा, बदल्या वर्षातून ठरलेल्या वेळी व्हाव्यात आणि राजकीय दबाव आणणे हा गैरवर्तनाचा भाग ठरावा, अशी खंडुरींची दिशा होती. सैनिकाला यात नवल वाटत नाही. प्रत्येक पलटण काही वर्षे सीमेवर आणि काही वर्षे शांततेच्या ठाण्यात असते, आणि सियाचीनला कोणी जायचे हे कोणाच्या मामाला विचारून ठरत नाही.

आता धडगाव, अक्कलकुवा आणि तोरणमाळची स्थिती डोळ्यांसमोर आणावी. आपल्याकडे २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयाने जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्यांसाठी सर्वसाधारण क्षेत्र आणि अवघड क्षेत्र अशी विभागणी करण्यात आली आणि बदल्या संगणकावर आणल्या गेल्या. हे पाऊल चांगले होते आणि अनेक प्रामाणिक शिक्षकांना त्याने न्याय मिळाला. परंतु शासन निर्णय हा शासन निर्णय असतो. तो पुढच्या शासन निर्णयाने बदलतो, आणि २०२१ मध्ये धोरण पुन्हा बदललेही. राज्य कर्मचाऱ्यांसाठी आपल्याकडे रीतसर कायदा आहे. बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कामातील विलंबास प्रतिबंध करणारा हा महाराष्ट्राचा २००५ चा अधिनियम, ज्याच्यामागे अण्णा हजारे यांचा दीर्घ पाठपुरावा होता. एका पदावर सामान्यतः तीन वर्षे, बदल्या वर्षातून एकदा एप्रिल किंवा मे महिन्यात, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. मात्र त्याच कायद्यात विशेष कारणासाठी, कारण लेखी नमूद करून आणि वरिष्ठ प्राधिकाऱ्याच्या मंजुरीने, मुदतीपूर्वी किंवा मध्येच बदली करण्याची मुभा आहे. ही मुभा अपवादासाठी होती. ती किती सैलपणे वापरली जाते हे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात सतत येणाऱ्या बदल्यांच्या प्रकरणांवरून दिसते.

या ठिकाणी आपण मतदारांनीही स्वतःकडे पाहिले पाहिजे. आमदाराच्या घरी सकाळी जमणाऱ्या गर्दीत रस्त्याचा किंवा पाण्याचा प्रश्न घेऊन आलेले किती आणि मुलाची, सुनेची, जावयाची बदली करून घ्यायला आलेले किती, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. त्या गर्दीत आम्ही माजी सैनिकही असतो, हे मला खेदाने नमूद करावेसे वाटते. नोकरीत असताना ज्यांनी राजस्थानच्या वाळूत आणि नागालँडच्या पावसात बिनतक्रार दिवस काढले, तेच लोक मुलीची बदली साक्रीहून धुळ्याला व्हावी म्हणून शिफारसपत्र मागतात. आणि नंतर तेच मेळाव्यात उभे राहून शिस्तीसाठी सेनाधिकाऱ्याला तिकीट द्या म्हणतात. उद्या असा अधिकारी खरोखर निवडून आला आणि त्याने शिफारसपत्र देण्यास नकार दिला, तर पाच वर्षांनी त्याला मत देणारे आपल्यापैकी किती उरतील, याचे उत्तर खंडुरी २०१२ मध्ये जिथून उभे राहिले त्या कोटद्वारच्या मतदारांनी देऊन ठेवले आहे.

त्याकडे वळण्यापूर्वी लोकायुक्ताबद्दल. १ नोव्हेंबर २०११ रोजी उत्तराखंड विधानसभेने लोकायुक्त विधेयक मंजूर केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रामलीला मैदानावर अण्णांचे उपोषण झाले होते आणि देशभर लोकपालाची चर्चा पेटलेली होती. स्वतः सैन्यात वाहनचालक म्हणून नोकरी केलेल्या अण्णांच्या सहकाऱ्यांनी खंडुरींच्या कायद्याचे मनापासून स्वागत केले, कारण त्यात मुख्यमंत्र्यालाही चौकशीच्या कक्षेत घेतले होते. टीकाही झाली, आणि ती दुर्लक्षिण्यासारखी नव्हती. मुख्यमंत्री, मंत्री आणि आमदार यांच्याविरुद्धची चौकशी सुरू करण्यासाठी लोकायुक्त संस्थेच्या सर्व सदस्यांची एकमताने संमती लागेल, अशी अट त्यात होती. म्हणजे एका सदस्याने मान हलवली नाही तर चौकशी अडली. मला ही अट चुकीची वाटते. असे असले तरी सत्तेवर असलेल्या मुख्यमंत्र्याने निवडणुकीच्या तोंडावर स्वतःला चौकशीच्या कक्षेत आणणारा कायदा सभागृहात मांडावा, हे आपल्या राजकारणात सहसा घडत नाही. महाराष्ट्राचा पहिला लोकायुक्त कायदा १९७१ चा आणि लोकायुक्ताची संस्था प्रत्यक्ष सुरू करणारे आपले पहिले राज्य, हा आपला अभिमान रास्त आहे. पण मुख्यमंत्र्याला कक्षेत घेणारे नवे विधेयक आपल्या विधानसभेने डिसेंबर २०२२ मध्ये आणि विधान परिषदेने डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर केले, आणि त्यातही मुख्यमंत्र्याच्या चौकशीसाठी विधानसभेच्या दोन तृतीयांश सदस्यांची मान्यता लागते.

३० जानेवारी २०१२ रोजी उत्तराखंडात मतदान झाले. ‘खंडुरी है जरूरी’ ही भाजपची घोषणा होती. मतदारसंघांच्या पुनर्रचनेत धुमाकोट उरले नव्हते, म्हणून खंडुरी कोटद्वारमधून उभे होते. निकालात काँग्रेसला ३२ आणि भाजपला ३१ जागा मिळाल्या, आणि ज्यांच्या नावावर पक्षाने मते मागितली ते खंडुरी स्वतः काँग्रेसचे सुरेंद्रसिंह नेगी यांच्याकडून साडेचार हजारांच्या आसपास मतांनी पराभूत झाले. आपल्याच माणसांनी घात केला, ही चर्चा तेव्हा सर्वत्र होती. त्या एका जागेच्या फरकाने सत्ता गेली. काँग्रेसचे विजय बहुगुणा मुख्यमंत्री झाले, जे खंडुरींचे मामेभाऊ, म्हणजे हेमवतीनंदन बहुगुणा यांचे पुत्र. त्यांच्या सरकारने बदल्यांचा कायदा रद्द केला आणि जानेवारी २०१४ मध्ये लोकायुक्ताचा कायदाही बाजूला सारून नवा आणला. बदल्यांचा कायदा पुढे २०१७ च्या अखेरीस भाजप सरकारने पुन्हा केला, म्हणजे मधली पाच-सहा वर्षे डोंगरातील शाळा आणि दवाखाने जुन्याच वशिल्याच्या रीतीने चालले. लोकायुक्ताचे पद तर दीर्घकाळ रिकामेच राहिले, काँग्रेसच्या काळात राहिले आणि भाजपच्या काळातही राहिले, आणि २०२३ मध्ये ते भरण्याचा आदेश उच्च न्यायालयाला द्यावा लागला. ज्या पक्षाने खंडुरींच्या नावावर मते मागितली त्याच पक्षाला त्यांचा कायदा पुढे नेण्याची निकड वाटली नाही, ही बाब मला त्यांच्या पराभवापेक्षा अधिक दुःखाची वाटते.

हे असे का झाले, याचा विचार सेनाधिकाऱ्यांना तिकीट मागणाऱ्यांनी करावा. खंडुरींचे कायदे हेतूने शुद्ध होते, पण ते एका माणसाच्या धडाडीने, मुदतीच्या अखेरच्या शंभर-सव्वाशे दिवसांत झाले. विरोधी बाकांवरील सदस्यांना ते आपले वाटले नाहीत, आणि स्वपक्षातील अनेकांना ते आपल्यावर लादलेले वाटले. शत्रूच्या हद्दीत रात्रीतून पूल टाकून फौज पलीकडे नेणे इंजिनिअर दलाला जमते, पण तो पूल कायमचा राहावा असे वाटत असेल तर मागून पक्के पाये घालणारी दुसरी तुकडी यावी लागते. विधिमंडळात ही दुसरी तुकडी म्हणजे संयुक्त समिती, तिच्यासमोर कर्मचारी संघटनांनी दिलेल्या साक्षी, विरोधकांनी सुचवलेल्या आणि स्वीकारलेल्या दुरुस्त्या, आणि वेळेत तयार झालेले नियम. या मार्गाने आलेला कायदा उशिरा येतो, पण सरकार बदलले म्हणून तो रद्द करणे पुढच्याला जड जाते. खंडुरींनी हेच कायदे २००७ मध्ये, हातात पूर्ण मुदत असताना आणि सर्वांना बरोबर घेऊन केले असते, तर त्या कायद्यांचे आयुष्य वाढले असते, असे माझे मत आहे. हुकूम देण्याची सवय असलेल्या माणसाला चर्चेत जाणारा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो, आणि तिथेच त्याची गफलत होते.

विधानसभेतील पराभवानंतर ते २०१४ मध्ये पुन्हा लोकसभेवर गेले आणि संरक्षणविषयक स्थायी समितीचे अध्यक्ष झाले. मार्च २०१८ मध्ये या समितीने संसदेत ठेवलेल्या अहवालात सैन्याच्या उपप्रमुखांची साक्ष जशीच्या तशी नोंदवली गेली, की सैन्याकडील ६८ टक्के सामग्री जुनाट वर्गातील असून अत्याधुनिक सामग्री केवळ ८ टक्के आहे. सरकार त्यांच्याच पक्षाचे होते. संरक्षण राज्यमंत्री होते आपल्या धुळ्याचे तेव्हाचे खासदार डॉ. सुभाष भामरे. अशा वेळी सत्ताधारी पक्षाच्या समिती अध्यक्षाने सरकारला अडचणीचा वाटेल असा अहवाल सौम्य न करता सभागृहासमोर ठेवणे, यालाच मी सैनिकाचे खासदार म्हणून कर्तव्य मानतो. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडून गेले आणि कलराज मिश्र यांच्याकडे आले. त्या अहवालामुळेच ते गेले असे मी म्हणणार नाही, पण माझ्या लेखी त्यांच्या साऱ्या संसदीय जीवनात तो अहवाल सर्वांत उंचावर आहे. सीमेवर उभ्या असलेल्या जवानाच्या हातात काय आहे, हे देशाच्या सभागृहाला सांगण्यासाठी माजी सेनाधिकारी तिथे हवा असतो. व्यासपीठावर पदके लावून बसण्यासाठी त्याची गरज नाही.

त्यांच्या कन्या ऋतू खंडुरी भूषण २०२२ मध्ये कोटद्वारमधूनच निवडून आल्या, त्यांनी त्याच सुरेंद्रसिंह नेगींचा पराभव केला आणि उत्तराखंड विधानसभेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. राजकीय घराण्यांचे मला कौतुक नाही. परंतु त्या वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी विधानसभा सचिवालयात नियम डावलून झालेल्या २२८ तदर्थ, म्हणजे तात्पुरत्या, नेमणुका रद्द केल्या, ज्या काँग्रेस आणि भाजप अशा दोन्ही पक्षांच्या अध्यक्षांच्या काळातील होत्या, आणि न्यायालयात तो निर्णय टिकला. नोकरी गेलेल्यांपैकी अनेकांचा स्वतःचा दोष नव्हता, त्यांच्या घरांवर संकट आले, हेही खरे आहे. पण ज्यांना अर्जही करता आला नाही अशा हजारो बेरोजगार मुलांच्या बाजूने नियम उभा राहिला, आणि तो उभा करणारी व्यक्ती कधी सैन्यात नव्हती. खंडुरींचे सर्वांत चांगले काम ज्या वृत्तीतून झाले ती वृत्ती गणवेश न घालताही अंगी बाणवता येते, आणि गणवेश घालूनही ती सुटू शकते.

खानदेशातून विधानसभेवर वीस आमदार जातात. जळगाव जिल्ह्यातून अकरा, धुळ्यातून पाच आणि नंदुरबारमधून चार. या वीस जागांपैकी एखादी जागा निवृत्त सेनाधिकाऱ्याला मिळाली तर मला आनंदच होईल, आणि तो कोणत्या पक्षाचा आहे हे मी दुय्यम मानीन. मात्र त्याने मत मागायला येताना कोणत्या युद्धात होतो हे सांगण्याबरोबरच काही प्रश्नांची उत्तरे द्यावीत. अधिवेशनाच्या काळात तो मुंबई-नागपूरला सभागृहात पूर्ण वेळ बसणार आहे की मतदारसंघातील लग्ने आणि उद्घाटने करणार आहे? लोकलेखा समिती, अंदाज समिती, अनुसूचित जमाती कल्याण समिती यांपैकी कोणत्या कामात त्याला रस आहे? बदल्यांच्या कायद्यातील विशेष कारणाची पळवाट आवळण्यासाठी तो अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचे विधेयक, मांडेल का? अवघड क्षेत्रातील शाळांबाबतचे धोरण शासन निर्णयावर न ठेवता कायद्यात आणण्यासाठी तो इतर एकोणीस आमदारांना, त्यात विरोधकही आले, एकत्र बसवू शकेल का? आणि आम्हा माजी सैनिकांनी शिफारसपत्र मागितले तर तो नाही म्हणेल का? शेवटच्या प्रश्नाला तो हो म्हणाला, तर त्याला मत देणे आणि पुढे पत्र मागायला न जाणे, ही आमची बाजू आम्ही पाळली पाहिजे. माजी सैनिक संघटनांनी आपल्या पुढच्या बैठकीत असा ठराव करावा, अशी माझी जाहीर विनंती आहे. आमच्या तालुक्यात तो मी स्वतः मांडणार आहे.

आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. निवडणुका लागल्या की उमेदवारांची जात, संपत्ती आणि गट यांची माहिती पानेच्या पाने छापून येते. त्याबरोबर आपल्या वीसही आमदारांनी मागील मुदतीत किती तारांकित प्रश्न विचारले, किती लक्षवेधी सूचना मांडल्या, कोणत्या समित्यांवर काम केले आणि कोणते अशासकीय विधेयक आणले, याचा तक्ता आपण प्रसिद्ध करावा. ही माहिती विधिमंडळाच्या कामकाजात नोंदलेली असते आणि आपले मुंबईतील प्रतिनिधी ती मिळवू शकतील. असा तक्ता हाती असेल तर सेनाधिकारी असो, डॉक्टर असो की साखर कारखान्याचा अध्यक्ष असो, प्रत्येकाला एकाच मापाने मोजता येईल, आणि आमच्या गावांत उमेदवारीची चर्चा तरी कामावर सुरू होईल.

आपला विश्वासू,
एक माजी सैनिक
ता. पारोळा, जि. जळगाव